डोळ्यातील पाण्याचा जमाखर्च

प्रश्न : वडिलांच्या डोळ्यांतील दाब वाढल्यामुळे डॉक्टरांनी टिमोलॉलचे थेंब दिले आहेत. डोळ्यांतून पाणी तर गळत नाही. मग हा दाब कशाचा, आणि तो थेंबांनी कसा उतरतो?

उत्तर : अश्रू व नेत्रजल या दोन भिन्न वस्तू आहेत. अश्रू बाहेरून वाहतात. नेत्रजल मात्र डोळ्याच्या रंगीत पडद्यामागील पेशींतून मिनिटास सुमारे २ ते २.५ मायक्रोलिटर या मानाने आतच पाझरते आणि पुढील कोपऱ्यातील जाळीतून रक्तात निघून जाते. या जमाखर्चाचा मेळ बसला, म्हणजे दाब सामान्यतः पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरांच्या दरम्यान राहतो. निचरा तुंबला की तो चढतो.

जमेची बाजू मज्जातंतूंच्या हुकमतीखाली असते. त्यांचा रासायनिक निरोप पेशींवरील बीटा ग्राहकांशी पोचला, की आत सायक्लिक एएमपी हे निरोप्या द्रव्य वाढते, क्षार पुढे ढकलले जातात आणि त्यांच्यामागोमाग पाणी ओढले जाते, असे समजतात. टिमोलॉल ती जागा आधीच अडवून बसत असल्यामुळे हुकमाची तामिली मंदावते व आवक घटते. तुंबलेली जाळी मात्र त्याने मोकळी होत नाही.

हे औषध रक्तातही उतरते. म्हणून वडिलांना दमा असल्यास किंवा नाडी मंद चालत असल्यास ते डॉक्टरांना अवश्य कळवावे. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाकडील कोपरा दोन मिनिटे हलकेच दाबून धरावा. बरे वाटते म्हणून औषध परस्पर बंद करू नये. दाबाने गेलेली दृष्टी परत येत नाही.