अंगावर खवले आले म्हणजे कुष्ठ नव्हे : सोरायसिस समजून घेऊ



२९ ऑक्टोबर हा जागतिक सोरायसिस दिन. थंडीत हा आजार वाढतो, म्हणून आत्ताच लिहितो आहोत. दुसरे कारणही आहे. आपल्या एका सभासदाच्या कोपरांवर आणि पाठीवर चट्टे उठले. सोबतचे लोक त्याच्या मटक्यातले पाणी पिईनात, गिऱ्हाईक त्याच्या हातचा मासा घेईना. शेवटी त्याने घाटावर येणेच सोडले. तो आजाराने नाही, आपल्या वागण्याने घरी बसला. हे पुन्हा होऊ नये.

आजार काय आहे?

आपल्या कातडीच्या पेशी खालून वर येऊन गळून पडायला साधारण महिना घेतात. सोरायसिसमध्ये शरीराची रोगप्रतिकारक शक्ती चुकून आपल्याच कातडीवर उठते. आत जळजळ सुरू होते आणि महिन्याचे काम ३ ते ५ दिवसांत होते. पेशी गळायच्या आधीच थर साचतात. म्हणून लाल चट्टा आणि वर पांढरट, चंदेरी पापुद्रा दिसतो. आपल्या सावळ्या अंगावर चट्टा लाल न दिसता जांभळट किंवा काळपटही दिसतो. कोपर, गुडघे, डोके, कंबर या त्याच्या नेहमीच्या जागा. नखांना बारीक खळगे पडतात.

जुन्या वैद्यांनी हा पापुद्रा नीट पाहिला होता. आयुर्वेदात 'एककुष्ठ' नावाच्या रोगाचे वर्णन माशाच्या खवल्यासारखी त्वचा असे आहे, आणि वैद्य सोरायसिसची तुलना त्याच्याशी करतात. युनानीत याला 'दाउस-सदफ' म्हणतात, सदफ म्हणजे शिंपला. पण त्या नावातल्या 'कुष्ठ' शब्दाने लोक घाबरले. जुन्या ग्रंथांत कुष्ठ म्हणजे कातडीचे बरेच रोग, एकटा महारोग नव्हे. महारोगात चट्टा बधिर होतो, सोरायसिसच्या चट्ट्यावर स्पर्श कळतो. तरी खात्री डॉक्टरकडूनच करा. गजकर्ण आणि इसबही दिसायला जवळचे असतात.

पसरतो का?

नाही. हात लावल्याने, एका ताटात जेवल्याने, एका नावेत बसल्याने, त्याने पकडलेला मासा खाल्ल्याने सोरायसिस होत नाही. घराण्यात असला तर शक्यता वाढते, पण मुलाला होईलच असे नाही. मासे खाल्ल्याने किंवा माशावर दूध प्यायल्याने हा आजार होतो याला पुरावा नाही. हे पापाचे फळही नाही. २०१४ साली जागतिक आरोग्य सभेने ठराव करून सांगितले की हा न पसरणारा, दीर्घकाळ चालणारा आजार आहे आणि रुग्णांना वाळीत टाकणे थांबले पाहिजे.

कशाने भडकतो?

जखमेने. जाळ्याची दोरी कापली, माशाचा काटा लागला, खाजवले, की त्याच जागी नवा चट्टा येऊ शकतो. शिवाय घसादुखी, मनाचा ताण, दारू, बिडी-सिगारेट, आणि रक्तदाबाची व मलेरियाची काही औषधे. म्हणून कुठल्याही डॉक्टरला आधी सांगा की मला सोरायसिस आहे.

रोजची काळजी

१. आंघोळ कोमट पाण्याने. दगडाने, घासणीने पापुद्रे काढू नका.
२. अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावा. तापीतून बाहेर आल्यावरही हात-पाय साध्या पाण्याने धुऊन हेच करा.
३. मासे साफ करताना, बर्फ हाताळताना आत सुती आणि वर रबरी मोजे घाला.
४. कोवळे ऊन थोडा वेळ चांगले. अंग भाजेल इतके नको.
५. नखे बारीक ठेवा. दारू आणि बिडी सोडता आली तर औषध चांगले लागू पडते.

औषधाच्या तीन चुका

पहिली, मेडिकलमधून स्वतःच ट्यूब आणणे. स्टेरॉइडचे मलम या आजाराला डॉक्टर देतातच, पण किती, कुठे, किती दिवस हे ते ठरवतात. मनाने वापरले तर कातडी पातळ पडते. म्हणूनच २०१८ मध्ये केंद्र सरकारने स्टेरॉइडच्या अनेक मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली.

दुसरी, 'मुळापासून बरा करतो' म्हणणाऱ्याच्या बिननावाच्या पुड्या. सोरायसिस कायमचा जात नाही, पण ताब्यात राहतो. काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असते. आठवड्यात अंग साफ होते, पुडी बंद केली की दुप्पट भडकते.

तिसरी सगळ्यात धोक्याची. मेथोट्रेक्सेट नावाची गोळी या आजारात आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज नाही. चुकून रोज घेतल्याने माणसे दगावली आहेत. बाजाराचा वार धरा, त्याच दिवशी घ्या, आणि घरात दुसऱ्या कोणाला तरी हे माहीत असू द्या. ही गोळी चालू असताना दारू नको आणि रक्ततपासणी चुकवू नका. गरोदर बाईने ती घ्यायचीच नाही. मूल हवे असेल तर नवऱ्याने आणि बायकोने दोघांनीही आधी डॉक्टरला सांगावे.

सांधे दुखतात?

जाळे ओढून ओढून दुखत असेल, असे आपण म्हणतो. फरक ओळखा. कामाचे दुखणे काम केल्यावर वाढते, विश्रांतीने कमी होते. सोरायसिसचे दुखणे सकाळी उठल्यावर जास्त असते, अर्धा-एक तास बोटे वळत नाहीत, हालचाल केली की सैल पडते. एखादे बोट सगळेच सुजते, टाच दुखते. अशा वेळी उशीर करू नका. सांधा एकदा वाकडा झाला की सरळ होत नाही, आणि हातच गेला तर जाळे कोण ओढणार?

सगळे अंग लाल होणे, थंडी वाजून ताप येणे, अंगावर पुवाचे फोड येणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठा.

१६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते तेव्हा दवाखान्याला वेळ मिळतो, पण तोवर थांबू नका. ज्यांना एकटे जायला संकोच वाटतो त्यांनी समितीच्या कार्यालयात सांगावे, आम्ही सोबत येऊ. नाव कुठेही निघणार नाही.

आणि तो सभासद पुन्हा घाटावर आला, तर त्याच्या मटक्यातले पाणी आधी आपण पिऊ.

आपली समिती, बुऱ्हाणपूर