पडद्यावरचा ताणा-बाणा

सुरतेच्या लिंबायत-उधना भागात मी मराठी माध्यमाच्या मुलांना शिकवतो. ताप्ती रेल्वेमार्गाने नंदुरबार, जळगावकडून आलेल्या घरांतली ही मुलं. वडील यंत्रमागाच्या खात्यात पाळीवर, आई घरी साड्यांना लेस लावणारी. कापड रोजचं, पण ते विणलं कसं जातं हे फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. खात्यात नेलं तरी आडवा धागा नेणारा धोटा इतक्या वेगाने जातो की तो नजरेला सापडत नाही. म्हणून साधी वीण मी पॉवरपॉइंटवर हळू करून दाखवतो. त्यातून हाती लागलेल्या या गोष्टी.

१. ताण्याचे आठ उभे धागे आठदा काढत बसू नये. एक काढावा, कंट्रोल-डीने त्याच्या प्रती कराव्यात, पहिला आणि शेवटचा जागेवर ठेवावा आणि मधल्यांचं काम ‘डिस्ट्रिब्यूट हॉरिझॉन्टली’वर सोपवावं.

२. ग्रुप करताना एकत्र काय हलतं ते पाहावं. मागावर १, ३, ५, ७ हे धागे एकदम वर उचलले जातात, तेव्हा २, ४, ६, ८ खाली असतात आणि मधल्या फटीतून धोटा जातो. म्हणून विषम धाग्यांचा एक ग्रुप, सम धाग्यांचा दुसरा. हे अ‍ॅनिमेशनच्या आधीच उरकावं. नंतर ग्रुप केला किंवा सोडवला, तर दिलेलं अ‍ॅनिमेशन पुसलं जातं.

३. खरा धडा थरांमध्ये आहे. पॉवरपॉइंटमध्ये एक वस्तू दुसरीच्या पूर्ण वर असते, नाहीतर पूर्ण खाली. पहिला बाणा, म्हणजे आडवा धागा, सोपा: तळाशी सम धागे, त्यावर बाणा, त्यावर विषम धागे. दुसरा बाणा मात्र विषम धाग्यांच्या वरून आणि समच्या खालून जायला हवा. ‘ब्रिंग फॉरवर्ड’ कितीही दाबा, असा क्रम लागत नाही. विषम पहिल्या बाण्यावर, पहिला बाणा समवर, सम दुसऱ्या बाण्यावर आणि दुसरा बाणा पुन्हा विषमवर, असं हे चक्र आहे. धागे सुटे होऊन कापड विस्कटत नाही ते याच चक्रामुळे! मुलांना हे मी मुद्दाम करून पाहायला लावतो. मग तोड सांगतो: दुसरा बाणा सगळ्यांत वर ठेवायचा आणि जिथे सम धागा त्याला ओलांडतो तिथे त्या धाग्याच्या रंगाचे छोटे तुकडे त्यावर बसवायचे. बाणा आणि तुकडे मिळून एक ग्रुप.

४. हालचालीची दिशा मागाकडून घ्यावी. पहिला बाणा डावीकडून ‘वाइप’ केला, तर दुसरा उजवीकडून, कारण धोटा परत येतो. वॉटरजेट मागावर पाण्याची धार प्रत्येक बाणा एकाच बाजूने फेकते, म्हणून तिथे दोन्ही डावीकडून. ज्यांचे वडील वॉटरजेटवर आहेत त्यांच्यासाठी ही स्लाइड वेगळी ठेवतो. धोट्याला ‘मोशन पाथ’ द्यावा आणि ‘विथ प्रीव्हियस’ लावून बाण्याच्या ‘वाइप’बरोबर तेवढ्याच सेकंदांत चालवावा. तरीही तो सुरुवातीला मागे रेंगाळला, तर पाथमधले ‘स्मूथ स्टार्ट’ आणि ‘स्मूथ एंड’ शून्यावर आणावेत.

५. भागांची नावं चित्राच्या ग्रुपमध्ये मिसळू नयेत. सुरत महापालिकेच्या शाळा गुजराती, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू माध्यमांतही चालतात आणि इथल्या मागांवर ओडिशातल्या गंजामचे कारागीर मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या मुलांनाही हे चित्र मिळावं असं मला मनापासून वाटतं. प्रत्येक भाषेच्या नावांचा वेगळा ग्रुप करावा, ‘सिलेक्शन पेन’मध्ये त्याला ओळखीचं नाव द्यावं आणि नको त्या भाषेचा डोळा बंद करावा.

६. पीडीएफमध्ये सगळे टप्पे एकाच चित्रात एकावर एक येतात. म्हणून पालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवण्यासाठी ताणा, पहिला बाणा, दुसरा बाणा आणि तयार कापड अशा चार वेगळ्या स्लाइड ठेवतो. रात्रपाळीवरून आलेले वडील त्या पाहून मुलाला आणखी काही सांगतात आणि मुलं दुसऱ्या दिवशी वर्गात विचारतात, धागा तुटला की माग आपोआप कसा थांबतो? अनेक मागांवर प्रत्येक उभ्या धाग्यावर धातूची बारीक पट्टी लटकलेली असते आणि धागा तुटताच ती खाली पडते आणि माग थांबतो. त्याची स्लाइड सध्या करतो आहे.