पाण्याचा हिशेब : एका जुन्या डिझेल गाडीची गळती

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीच्या रेडिएटरवर लेख लिहावा, याचे आमच्या काही प्राध्यापकांना नवल वाटेल. परंतु ज्या वहीमुळे हा लेख लिहिण्याची वेळ आली ती हिशेबाचीच वही होती, म्हणून धीर करून लिहीत आहे.

आमच्या घरी एक जुनी डिझेल अँबॅसडर आहे. इंजिन १४८९ घन सेंटीमीटरचे, मूळ इंग्लंडच्या बीएमसी कंपनीच्या घडणीचे. बंगालमधील उत्तरपाडा येथील कारखान्यात ही गाडी बनणे २०१४ साली थांबले आणि तेव्हापासून तिला निराळाच मान आला. वरातीला लोक मुद्दाम अँबॅसडर मागतात. लग्नसराईत बाबा ती भाड्याने देतात व माझ्या आणि धाकट्या बहिणीच्या फीचा बराच भाग त्यातून निघतो.

गेल्या डिसेंबरात ही गाडी पाणी पिऊ लागली. बाबांनी सकाळी रेडिएटर गळ्यापर्यंत भरावा आणि दुसऱ्या दिवशी पाहावे तो पातळी खाली. गाडीखाली म्हणावे तर थारोळे नाही. एका गॅरेजमध्ये दाखवली. ओव्हरफ्लोच्या नळीतून पाणी पडताना पाहून तेथे निदान झाले, 'हेड गॅस्केट गेले, हेड खोलावे लागेल.' अंदाज १८,००० रुपये. बाबा दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी भंगारवाल्याला भाव विचारला. माघातल्या दोन लग्नांचा विसार मात्र घेऊन झाला होता.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारे मिस्त्री आहेत. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. मी त्यांच्याकडे गेलो. सारे ऐकून ते एवढेच म्हणाले, "मदल नोड, आम्याल बिच्च." म्हणजे आधी बघ, मग खोल. कसे बघायचे ते त्यांनी सांगितले; मोजायचे कसे ते माझे मी ठरवले.

प्रथम थोडी माहिती. इंजिनातील उष्णता पाणी रेडिएटरपर्यंत वाहून नेते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्याने येथे उघडे पाणी १०० नव्हे, तर साधारण ९७-९८ अंशांनाच उकळते. म्हणून रेडिएटरची टोपी ही नुसते झाकण नसून स्प्रिंग असलेली झडप असते. आमच्या टोपीवर ७ हा आकडा आहे, म्हणजे चौरस इंचाला ७ पौंड दाब. एवढ्या दाबाखाली तेच पाणी १०९ अंशांच्या आसपास उकळते. यावरून दोन गोष्टी निघतात. गरम इंजिनाची टोपी कधीही उघडू नये. दाब सुटताच पाणी उसळून तोंडावर येते. आणि टोपीचे रबर कुजले असेल तर बाकी सारे ठीक असूनही पाणी लवकर उकळून जाते. टोपी ही सर्वांत स्वस्त वस्तू, पण ती सर्वांत शेवटी तपासली जाते. आमची टोपी सुदैवाने चांगली होती.

आता वही. रोज सकाळी इंजिन थंड असताना आईच्या स्वयंपाकघरातील मापाच्या भांड्याने पाणी घालायचे व आकडा लिहायचा. गाडीची फेरी रोज एकच, काकतीपर्यंत जाऊन-येऊन. बाबा म्हणाले, "वहीत लिहून गळती थांबतीय होय रे?" पाच दिवसांची सरासरी आली ६४० मिलिलिटर.

येथे अण्णांनी एक प्रश्न विचारला. "भरता कुठपर्यंत?" मी म्हटले, गळ्यापर्यंत. ते हसले. नव्या गाड्यांत पाणी फुगले की ते बाजूच्या डब्यात जाते व थंड झाल्यावर परत ओढले जाते. आमच्या गाडीला तो डबाच नाही. जास्तीचे पाणी नळीतून थेट रस्त्यावर. २० अंशांचे पाणी ९० अंशांवर गेले की त्याचे आकारमान साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाढते. गाडीत ८ लिटरच्या आसपास पाणी मावते. गुणाकार करून पाहावा, २७० मिलिलिटर होतात. बाबा रोज काठोकाठ भरत, गाडी रोज तेवढे बाहेर टाकी, आणि बाबा पुन्हा भरत. गॅरेजवाल्यांनी नळीतून पडताना पाहिले ते हेच पाणी! दुसऱ्या दिवसापासून गळ्याच्या दोन बोटे खाली पातळी ठेवली. खप ३७० वर आला. जवळजवळ निम्मी गळती ही गळती नव्हतीच.

तरीही ३७० उरतात. गॅस्केटवरचा आरोप खरा की खोटा हे ठरवणे भाग होते, कारण डिझेल इंजिनात तो गंभीर असतो. पेट्रोल इंजिनात हवा साधारण आठ-दहा पट दाबली जाते, आमच्यासारख्या जुन्या डिझेल इंजिनात बावीस-तेवीस पट. गॅस्केट फाटले तर हा दाब पाण्यात घुसतो. अण्णांनी थंड इंजिनाचा फॅन बेल्ट काढला, म्हणजे पंप फिरून पाणी ढवळले जाणार नाही. टोपी काढून रेडिएटर काठोकाठ भरला आणि इंजिन मिनिटभरच चालवले. बेल्ट नसताना याहून जास्त चालवू नये. गॅस्केट गेले असते तर पाण्यात बुडबुडे आले असते. पाणी निश्चल राहिले. बेल्ट चढवून, टोपी लावून पुन्हा सुरू केल्यावर वरचा होज पाइप लगेच टणक होतो का तेही पाहिले. तो मऊच होता. ऑइलची पट्टी काढली तर ऑइल काळेच. त्यात पाणी मिसळले असते तर दूध घातलेल्या चहासारखा रंग आला असता. पांढऱ्या धुराबाबत मात्र फसगत होते. डिझेल गाडी थंडीच्या सकाळी पांढरा धूर टाकतेच; ते न जळालेले डिझेल असते आणि त्याने डोळे चुरचुरतात. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा वाफारा येत राहिला व त्याला गोडसर वास असला, तरच शंका घ्यावी.

गॅस्केट निर्दोष सुटले. मग पाणी जाते कुठे? साधे पाणी गरम लोखंडावर पडले की वाळून जाते, मागे खूण राहत नाही. म्हणून आम्ही रेडिएटरमध्ये हिरवे कूलंट घातले. हे द्रव्य, इथिलीन ग्लायकॉल, चवीला गोड पण विषारी आहे. काढलेले पाणी कुत्र्या-मांजरांच्या वाटेत ठेवू नये. दोन दिवसांनी बॉनेट उघडून विजेरी मारली. वॉटर पंपाच्या पोटाशी एक बारीक भोक असते. ते कारखान्यानेच मुद्दाम ठेवलेले असते. पंपाच्या आतील सील झिजले की पाणी बेअरिंगमध्ये न जाता त्या भोकातून बाहेर यावे, ही योजना. तेथून खाली हिरवट ओघळ वाळलेला होता. पंखा हाताने धरून हलवला तर दांडा खुळखुळला. (हे भोक गळते म्हणून एम-सील लावून बुजवणारे लोक आहेत. त्यांना अण्णा काय म्हणतात ते कन्नड विभागातही छापता येणार नाही.)

पंप बदलायला एक दुपार लागली. रेडिएटरखालचा नळ सहज उघडला. ब्लॉकच्या बाजूचा नळ उघडला तरी पाणी येईना. आत गंजाचा गाळ बसला होता, तार घालून तो मोकळा केला. कित्येक वर्षे बोअरचे क्षारयुक्त पाणी भरल्याचा हा परिणाम. त्या गाळात पिवळी झाकही होती. बाबा ओशाळून म्हणाले, "एकदा हळद घातली होती." गळत्या रेडिएटरमध्ये हळद घालण्याचा उपाय आपल्याकडे सर्वज्ञात आहे आणि तो तात्पुरता चालतोही, पण हळद भोक कोणते आणि रेडिएटरची अरुंद नळी कोणती हे ओळखत नाही. दोन्ही बुजवते. अँबॅसडरचा रेडिएटर पितळ-तांब्याचा असल्याने त्याला डाग देता येतो, हे ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी ध्यानात ठेवावे. नवा पंप, कागदी गॅस्केट, बेल्ट व मजुरी मिळून ३,१५० रुपये झाले. पुढे डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मे-निम्मे.

दुसऱ्या दिवशी मी विजयी मुद्रेने भांडे घेऊन गेलो, तर ४० मिलिलिटर कमी! वही चाळली. गाडी दोन दिवस दारात उभी होती, त्या दिवशीही तेवढेच घटले होते आणि मी किरकोळ म्हणून सोडून दिले होते. उभ्या गाडीचे पाणी घटते म्हणजे गळती थंडपणी होते. पहाटे पाचला पुठ्ठा घेऊन खाली शिरलो. खालच्या होज पाइपच्या क्लिपशी एक थेंब लोंबत होता. जुने रबर कडक होते, थंडीत आकसते आणि क्लिप सैल पडते. गाडी तापली की रबर फुगून फट आपोआप मिटते. त्यामुळे दुपारी पाहणाऱ्याला तेथे काहीच दिसत नाही. क्लिप नुसती आवळली असती तर कडक रबर चिरले असते, म्हणून पाइपच बदलला. ४२० रुपये.

त्यानंतर वहीत सलग नऊ दिवस शून्य आहे.

माघातले पहिले लग्न खानापूरला होते. झेंडूच्या माळा लावून गाडी निघाली तेव्हा बाबांनी डिकीत पाच लिटरचा कॅन ठेवलाच. रात्री परत आल्यावर मी तो उचलून पाहिला. भरलेलाच होता.