पशुरोगनोंदीचे लेखन : माध्यमिक शाळांसाठी एक पाठ

पुणे-सोलापूर महामार्गावरील हवेली तालुक्यातील लोणी काळभोर ओलांडून पूर्वेस गेले की उरुळी कांचन लागते. तेथे मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये 'बाएफ' ही संस्था स्थापन केली आणि संकरित गाईंच्या पैदाशीचे कार्य शेतकऱ्यांच्या गोठ्यापर्यंत नेले. अशा कार्याचा पाया म्हणजे नोंद. कोणत्या गाईला कोणत्या वळूचे रेतन केव्हा झाले हे लिहिलेले नसेल, तर पुढील पिढीची निवड कशाच्या आधारे करावयाची?

उपचारांनाही हाच न्याय लागू आहे. खोड्यात उभ्या केलेल्या जनावराची तपासणी करीत असता पशुवैद्यकाचे दोन्ही हात गुंतलेले असतात. काम आटोपल्यावर आठवणीने लिहिलेली नोंद बहुधा 'ताप, इंजेक्शन दिले' एवढीच उरते. पुढील वेळी दुसरे डॉक्टर आले, तर आधी कोणते औषध दिले हे त्यांना कळत नाही. प्रतिजैविक दिलेल्या गाईचे दूध ठरावीक दिवस विकावयाचे नसते. तारीखच लिहिलेली नसेल, तर ते दूध संकलन केंद्रातून थेट लेकरांच्या पेल्यात जाते.

परदेशी रुग्णालयांत डॉक्टरांजवळ बसून नोंदी घेणारे लेखनिक असतात. इयत्ता नववी ते अकरावीच्या विद्यार्थ्यांना हे काम शिकविता येईल. लोणी काळभोरसारख्या, शाळा आणि गोठे दोन्ही असलेल्या गावी त्याचा आरंभ सहज होऊ शकतो.

काय शिकवावे?

नोंदीचा क्रम प्रथम पाठ व्हावा : जनावराची ओळख, मालकाची तक्रार, तपासणी, निदान, उपचार, सूचना. तक्रार मालकाच्याच शब्दांत लिहावी : 'कालपासून वैरण खात नाही, रवंथ बंद.' तपासणीत मात्र मोजलेलेच लिहावे. 'खूप ताप' नव्हे, तर '१०४ अंश फॅरनहाइट'. निरोगी गाईचे तापमान सुमारे १०१.५ अंश असते, हे ठाऊक असलेल्या विद्यार्थ्याला त्या आकड्याचा अर्थ उमगतो.

अंकांबाबत विशेष दक्षता हवी. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ-खुरकूत व ब्रुसेलोसिस या रोगांच्या लसीकरणाची नोंद कानातील बारा अंकी बिल्ल्यावरून होते. एक अंक चुकला की एका गाईची लस दुसरीच्या नावे पडते. मिलिग्रॅम व मिलिलिटर यांतील भेद आणि दशांश चिन्हाचे स्थान गणिताच्या तासाला घोटून घ्यावे. लिहिलेली मात्रा डॉक्टरांना मोठ्याने वाचून दाखवावी व त्यांची स्वाक्षरी घ्यावी.

सराव वर्गातच करता येतो. शिक्षकांनी एका आजारी म्हशीची हकीकत वाचावी, सर्वांनी नोंद करावी आणि वह्या ताडून पाहाव्यात. कोणी काय गाळले व कोणी काय पदरचे घातले, हे मुलांच्या लगेच ध्यानात येते.

मर्यादा

१९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यान्वये पशुवैद्यकीय व्यवसायाचा अधिकार नोंदणीकृत व्यावसायिकांनाच आहे. म्हणून लेखनिकाने निदान सुचवू नये, सुईला हात लावू नये. गर्भपात झालेली गाय किंवा पिसाळल्याचा संशय असलेले जनावर यांपासून विद्यार्थ्यांना दूर ठेवावे, कारण ब्रुसेलोसिस व रेबीज माणसालाही होतात. पालकांची लेखी संमती घ्यावी; शाळेच्या तासांत हे काम नको. कोणाच्या गोठ्यात काय झाले, याची चर्चा पारावर होता कामा नये. दवाखान्यातील रिक्त पदाची भरपाई म्हणूनही या मुलांकडे पाहू नये.

पंचायतीने नोंदवही व कुलपाचे कपाट द्यावे, शाळेने एक शिक्षक नेमावा आणि पशुवैद्यकांनी आठवड्याची एक सकाळ द्यावी. यातून सारीच मुले पशुवैद्यक होतील असे नव्हे. परंतु पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे करून लिहिण्याची सवय ज्याला लागली, तो पुढे शेतकरी होवो, ग्रामसेवक होवो वा शिक्षक, त्याच्या हातची नोंद विश्वासाची राहील.