वजनाच्या यंत्राला नवा रंग
(विज्ञान कोपरा, इयत्ता सातवी)



रेल्वे स्टेशनवर वजन करायचे उंच यंत्र तुम्ही पाहिले आहे का? पाटावर उभे राहायचे. काचेआड दिवे लुकलुकतात, रंगीत चक्र फिरते. चक्र थांबले की नाणे टाकायचे. खट्ट आवाज होतो आणि जाड पुठ्ठ्याचे छोटे तिकीट बाहेर पडते. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. काही तिकिटांवर सिनेनटांची चित्रेही असत. आता अशी यंत्रे क्वचितच दिसतात.

असे एक जुने यंत्र माझ्या काकांनी भंगारातून सोडवून आणले. काकांचे उचगावात गाड्या रंगवायचे गॅरेज आहे. ते यंत्र रंगवताना मी जे पाहिले आणि शिकले, ते इथे लिहिले आहे.

नाणे टाकले की वस्तू देणारे यंत्र ही कल्पना फार जुनी आहे. इजिप्तमधील अलेक्झांड्रिया शहरात पहिल्या शतकात हिरो नावाचा शास्त्रज्ञ होऊन गेला. त्याने देवळातील पवित्र पाणी देणाऱ्या यंत्राचे वर्णन केले आहे. नाणे तरफेच्या टोकावर पडे. त्याच्या भाराने झडप उघडे आणि नाणे घसरून पडेपर्यंत पाणी येई. पुढे १८८३ साली लंडनमध्ये पोस्टकार्डे देणारे यंत्र बसले.

गंज म्हणजे काय?

आमच्या यंत्राचा खालचा पत्रा गंजून फुगला होता. मी विचारले, “काका, वरून नुसता रंग मारला तर?” काका म्हणाले, “मग वर्षात पुन्हा पोपडे धरतील बघ. रोग आत हाय आणि मलम वर लावून काय उपयोग?”

लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की गंज तयार होतो. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो वरच्या रंगाला आतून ढकलतो. म्हणून आधी गंज काढायचा, मग रंग द्यायचा.

एक चूक, आणि मोठा धडा

काका खरवडत होते. रंगाची पापुद्री खाली पडत होती. माझा चार वर्षांचा भाऊ तिथेच बसून ती गोळा करत होता. एवढ्यात त्याने बोट तोंडात घातले. काका केवढ्याने ओरडले! त्याला उचलून नळावर नेले, हात-तोंड साबणाने धुतले. मला वाटले, एवढे काय झाले? मग काकांनी समजावले.

जुन्या रंगांत शिसे घालत. शिशाने रंग भडक दिसे आणि लवकर वाळे. लोखंडाला पहिला हातसुद्धा शेंदराचा देत, आणि शेंदूर हे शिशाचेच संयुग आहे. हे शिसे पोटात गेले तर लहान मुलांच्या मेंदूला इजा होते. थोडेही शिसे सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या देशात २०१६ साली नियम झाला. घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसे चालत नाही. पण त्याआधीचा रंग अजून जुन्या दारांवर, खिडक्यांवर, पाळण्यांवर आहे. त्यात शिसे आहे की नाही हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. म्हणून आहे असेच धरून चालायचे.

त्या दिवसापासून गॅरेजचा नियम ठरला. मुले लांब. खरवडताना तोंडाला मास्क. कोरडे घासायचे नाही, पाणी मारून वॉटर पेपरने घासायचे. रंग जाळून काढायचा नाही. कचरा ओला असतानाच पिशवीत भरायचा. आम्हीही दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना विचारून आलो.

रंगकामाची कृती

१. आधी विजेची वायर काढली. काच, दिवे, कुलूप सोडवले. स्क्रू वेगवेगळ्या डब्यांत ठेवून वर चिठ्ठ्या लावल्या.
२. अक्षरे पातळ कागदावर उतरवून घेतली.
३. गंज तारेच्या ब्रशने काढला. त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा हात दिला, कारण उघडे लोखंड पुन्हा लगेच गंजू लागते. गंमत म्हणजे रेड ऑक्साइड हेही लोखंडाचेच ऑक्साइड. गंजाचा भाऊच गंजाला अडवतो!
४. खड्ड्यांत लांबी भरली आणि वाळल्यावर घासून सपाट केली.
५. पाटाच्या फटी आणि नाण्याची खाच चिकटपट्टीने झाकली. फटीत रंग साचला तर पाट अडकतो आणि वजन चुकते. तपासणीची मुद्रा असते तीही झाकली. पैसे घेऊन वजन करायचे तर वैध मापन शास्त्र खात्याची तपासणी लागते.
६. शेवटी फवाऱ्याने रंग. एकच जाड हात दिला तर ओघळ येतात, म्हणून पातळ पातळ तीन हात.

पहिल्यांदा आम्ही घाई केली. जुलैचा पाऊस चालू होता. फवारलेला लाल रंग वाळता वाळता पांढुरका पडला. थिनर उडून जाताना पत्रा गार होतो आणि दमट हवेतले पाणी त्यावर बसते, म्हणून तसे झाले. सगळे पुन्हा घासावे लागले. मग दसऱ्यानंतर, हवा कोरडी झाल्यावर, रंग उत्तम बसला.

आबांचे म्हणणे

खरवडताना हिरव्या रंगाखाली लाल निघाला होता आणि लालाखाली पिवळी जुनी अक्षरे. काकांना सगळे नवे कोरे करायचे होते. आबा म्हणाले, “अरे, सगळंच पुसलंस तर ह्याचं वय कोण सांगंल? तेवढं राहू दे की.” आबा तरुणपणी स्टेशनवर हमाली करत. माणसे या यंत्रावर चढून भविष्य वाचून हसत, ते त्यांनी रोज पाहिले होते. पण स्वतः कधी नाणे टाकले नव्हते. म्हणाले, “दिवसभर वझी उचलायचो, आपलं वजन करायला पैसा कोण घालवणार?”

काका गप्प झाले. त्यांनी पाठीमागे तळहाताएवढा तुकडा तसाच ठेवला आणि त्यावर पारदर्शक वार्निश लावले, म्हणजे जुना रंग सुटणार नाही.

यंत्र पूर्ण झाले तेव्हा पहिले नाणे आबांनी टाकले. तिकीट आले. त्यांनी वजनही वाचले नाही आणि भविष्यही. घडी न घालता खिशात ठेवले.

करून पाहा : तीन खिळे घ्या. एक कोरड्या डबीत, एक ओल्या कापडात, एक तेल लावून ओल्या कापडात ठेवा. आठ दिवसांनी पाहा आणि वहीत लिहा.

सांगा पाहू : रंग गंजाला कसा अडवतो? जुना रंग कोरडा का घासू नये?

पालकांनो, घरातला जुना पाळणा किंवा दार रंगवायला काढाल, तेव्हा आधी लहान मुलांना लांब पाठवा.