हवा दाबणारें यंत्र

सायकलींत हवा भरतांना पंप तापतो, हें आपण सर्वांनीं अनुभविलें आहे. दट्ट्याच्या कॉम्प्रेसरचें मर्म त्यांतच आहे. दट्ट्या खालीं आला कीं एक झडप उघडून हवा नळकांड्यांत शिरते. तो वर गेला कीं ती झडप मिटते, हवा दाबली जाते, व तिचा दाब टाकींतील दाबाहून वाढतांच दुसऱ्या झडपेनें ती टाकींत जाते. दाबण्याचे श्रम उष्णतारूपानें हवेंत उतरतात. पुढें हवा निवली म्हणजे तींतील बाष्पाचें पाणी टाकीच्या तळाशीं सांचतें व पत्रा आंतून गंजतो. म्हणून आपण दोन गोष्टी ध्यानांत ठेवूं: तें पाणी नित्य काढावें, आणि जादा दाब सोडणारी सुरक्षा-झडप कधींही बांधूं नये, कारण टाकी फुटल्यास प्राणांवर बेतते.