बाहुल्या हलल्या नाहीत म्हणून

भातलावणीचे दिवस होते. पहाटे साडेचारला एक शेतकरी चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन आमच्या ग्रामीण रुग्णालयात आला. पोटात कळा, दोन उलट्या. ताप नाही, जखम नाही, सूज नाही. मी नवखा. पोटदुखीचं इंजेक्शन देऊन तिला झोपवलं. तासाभरानं सिस्टर म्हणाल्या, "सर, पोरगी डोळे नीट उघडत नाहीये." मी म्हणालो, "रात्रभर जागी आहे, झोपू द्या."

त्या एका वाक्याची बोच अजून गेलेली नाही.

सहाच्या सुमारास तिला थुंकी गिळवेना, उशीवरून मान उचलेना, आवाज नाकातून येऊ लागला. मग श्वासच मंदावला. नळी घातली, अँबू बॅग सुरू केली. टॉर्च मारला तर बाहुल्या मोठ्या, उजेडाला जराही हलेनात. चिमटा काढला, काही नाही. तिच्या खाटेशीच उभा राहून मी तिच्या वडिलांना सांगितलं, "काका, मेंदूचं काम थांबलंय. आशा धरू नका."

वरिष्ठ आले. त्यांनी एवढंच विचारलं, "रात्री कुठं झोपली होती?"

"खाली, चटईवर."

"मण्यार आहे. लस काढा."

मण्यार या विषारी सापाचा दंश बहुधा दुखत नाही, खूण सापडेलच असं नाही. विष नसा आणि स्नायू यांच्यातला सांधा तोडतं. आधी पापण्या, मग घसा, मान, शेवटी श्वास. बाहुल्याही त्यातच अडकतात. मेंदू मात्र जागा असतो. सर्पविषावरच्या लसीच्या दहा कुप्या दिल्या, बॅग दाबत तिला जिल्ह्याला नेलं. चौथ्या दिवशी बोट हललं, आठव्या दिवशी नळी निघाली. भेटायला गेलो तेव्हा ती म्हणाली, "सर, तुम्ही पप्पांना सांगितलं ते मला ऐकू आलं होतं."

रात्रपाळी करणाऱ्या तरुण डॉक्टरांनो, पावसाळ्यात पहाटे पोट दुखतं म्हणून कुणी आलं, तर कुठं झोपला होता ते आधी विचारा. मिनिटभर वर बघायला लावा, पापण्या खाली येतात का पाहा. मान उचलायला सांगा. एका श्वासात मोठ्यानं आकडे मोजायला लावा. वीसच्या आत दम संपला तर नळीची तयारी ठेवा. वीस मिनिटांच्या चाचणीत रक्त गोठलं म्हणून निश्चिंत होऊ नका, मण्यारीत ते गोठतंच. झोपेचं इंजेक्शन तर देऊच नका. एकदा बसलेला लकवा लस लगेच उठवत नाही. तो ओसरेपर्यंत रुग्णाला जगवतो तो दिलेला श्वास. बॅग दाबणारा हात थांबू देऊ नका.

आणि नातेवाइकांशी बोलायचं असेल, तर त्यांना बाहेर व्हरांड्यात न्या.